चरबीत अडकलेली लस

मागच्या महिन्यात सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक गृहस्थ आले. भाईंदर पूर्वेला त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना आहे. वय पंचेचाळिशीचे, वजन १०८ किलो. पहाटे फिरायला निघाले असता गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला तोंड घातले होते. नशिबाने पँट जाड होती. वरवरचे ओरखडे उठले होते, पण रक्त आले नव्हते. जखम साबण लावून नळाच्या धारेखाली चांगली पंधरा मिनिटे धुतली होती, हे ऐकून मला बरे वाटले, कारण अजूनही कित्येक जण हळद आणि तिखट भरूनच येतात.

मी लस तयार केली आणि बाही वर करा म्हटले, तर गृहस्थ कमरेचा पट्टा सोडू लागले. "डॉक्टर, हातात नको. उद्या माल पाठवायचाय, हात दुखला तर पंचाईत होईल. कमरेत द्या ना!"

वाचकहो, 'कमरेत' हा आपला सभ्य शब्द. इंजेक्शन प्रत्यक्षात जाते ते नितंबावर. आपल्याकडे कित्येक वर्षे तापाचे, दुखण्याचे, ताकदीचे, सगळे इंजेक्शन तिथेच घेण्याची रीत होती आणि ती देणाऱ्यांत मीही होतो. पण रेबीजची लस तिथे देत नाहीत, कधीच नाही. मोठ्यांना ती दंडाच्या वरच्या स्नायूत आणि लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस देतात. १९८७ साली दक्षिण आफ्रिकेतील एका रुग्णाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली होती. प्राणी चावल्यावर त्याने लस घेतली, सीरम घेतले, डोस चुकवले नाहीत आणि तरीही तो रेबीजने गेला. लस नितंबावर दिली होती. एका रुग्णावरून छातीठोक निष्कर्ष काढता येत नाही हे खरे, पण रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. अशा ठिकाणी प्रयोग कोण करणार?

गृहस्थांनी नाराजीने बाही वर केली. मी मोठी सुई काढली, तेव्हा त्यांचे डोळे आणखी मोठे झाले. "एवढी मोठी? माझ्या बायकोला तर बारीकशी दिली होती!" त्यांची पत्नी अंगाने बारीक आहे. सुईची लांबी माणूस पाहून ठरवावी लागते, हे समजावता समजावता लक्षात आले की या विषयावर लिहायला हवे. त्याला एक खासगी कारणही आहे. ते पुढे येईलच.

(जाता जाता: 'पोटात चौदा इंजेक्शने' ही भीती साठीच्या पुढच्या मंडळींच्या मनातून अजून जात नाही. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद आहे. आता दंडात पाच किंवा कातडीत चार भेटींत डोस असतात. त्या भीतीपायी कोणी घरी बसू नये.)

गणपतीच्या मांडवातले शिबिर

१९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस बी, म्हणजे 'ब' प्रकारच्या काविळीवरची देशी लस बाजारात आणली. त्याआधी परदेशी लशीचा एक डोस शेकडो रुपयांना पडायचा. तो एकदम सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला आणि गावोगाव, सोसायट्यांतून, मंडळांतून लसीकरणाची शिबिरे सुरू झाली. मी तेव्हा नुकताच भाईंदरला दवाखाना टाकला होता. ओळख वाढवण्याची गरज होती आणि उत्साहही होता. १९९८ मध्ये एका सोसायटीच्या आवारात, गणपतीसाठी घातलेला मांडव उत्सवानंतर दोन दिवस ठेवून घेऊन, आम्ही शिबिर घेतले. मिठागरांकडून येणारा खारा वारा, रांगेत उभी असलेली मराठी, गुजराती, मारवाडी कुटुंबे, एका टेबलावर बर्फाच्या डब्यात लशी. पुरुषांसाठी एक पडदा आणि बायकांसाठी दुसरा.

पडदे कशासाठी, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. लोकांचे म्हणणे एकच होते, "हात दुखला तर उद्या लोकलला लटकायचे कसे?" आणि मी ते मान्य केले. ज्याने मागितले त्याला कमरेत दिले, आणि बहुतेकांनी मागितले. त्या दिवशी माझ्या कंपाउंडरने मलाही तिथेच टोचले. पुढचे दोन डोसही तसेच झाले. माझे वजन तेव्हा ९२ किलो होते आणि उंची पाच फूट सहा इंच.

लशीच्या प्रत्येक खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. नितंबावर देऊ नये, असे त्यावर छापलेले होते. आम्ही ते सगळे कागद एका पिशवीत भरून कचऱ्यात टाकले. अमेरिकेत १९८५ मध्येच सरकारी आरोग्य यंत्रणेने ही लस दंडातच द्यावी असे डॉक्टरांना कळवले होते, कारण नितंबावर घेतलेल्यांत प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, पुरेशी तयार होत नसल्याचे दिसले होते. शास्त्राला जे १९८५ मध्ये ठाऊक होते ते मला १९९८ मध्ये ठाऊक नव्हते. त्याला दुसरे कोणी जबाबदार नाही.

सुई टोचली तो दिवस

२०११ सालच्या पावसाळ्यात एका तरुण रुग्णाचे रक्त घेतल्यावर सुईला टोपण परत लावताना ती माझ्या अंगठ्यात घुसली. (सुईला टोपण परत लावायचे नसते. ही दुसरी चूक.) रुग्णाच्या फाइलमध्ये त्याचा जुना अहवाल होता. 'ब' काविळीचे विषाणू त्याच्या रक्तात होते.

अशी सुई प्रतिकारशक्ती नसलेल्या माणसाला टोचली, तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना संसर्ग होऊ शकतो. मी स्वतःशी म्हटले, आपण तर तीन डोस घेतलेत, घाबरायचे काय? तरी रक्त तपासायला दिले. प्रतिपिंडांचे प्रमाण किमान १० असावे लागते. माझे १० च्या खाली आले.

इथे एक बारकावा सांगायला हवा. लस घेतल्यावर बारा-तेरा वर्षांनी हा आकडा खाली आला, एवढ्यावरून संरक्षण संपले असे म्हणता येत नाही. सुरुवातीला ज्याच्या शरीराने लशीला चांगली साथ दिली असेल, त्याच्या पेशींना ती ओळख राहते आणि विषाणू आला तर त्या पुन्हा कामाला लागतात. माझी अडचण अशी, की डोस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी जी तपासणी करायला हवी होती, ती मी केलीच नव्हती. माझ्या शरीराने लशीला कधी साथ दिली होती की नाही, हे सांगायला कोणताच कागद नव्हता. वजन भरपूर, टोचले चुकीच्या जागी, आणि तपासणी नाही. अशा माणसाला लस लागू पडलीच नाही असे धरूनच चालावे लागते.

तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्यतो चोवीस तासांच्या आत घ्यायचे असते. ते भाईंदरला मिळाले नाही. माझा मेहुणा लोकलने परळला गेला आणि थर्मासमध्ये बर्फ घालून रात्री अकराला ते घेऊन आला. किंमत दवाखान्याच्या महिन्याच्या भाड्याएवढी होती. त्याच वेळी दंडात लशीचा नवा पहिला डोस घेतला, मग महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. त्या सहा महिन्यांत घरात माझा वस्तरा आणि नखे कापायचे यंत्र वेगळे ठेवले होते. पत्नी काही बोलत नसे, पण तिची झोप मात्र उडाली होती.

सहा महिन्यांनी विषाणूची तपासणी केली. संसर्ग नव्हता. तिसऱ्या डोसनंतर दीड महिन्याने प्रतिपिंडे मोजली, ती ८४ आली. तोपर्यंत बाहेरून दिलेली तयार प्रतिपिंडे शरीरातून गेलेली असतात, म्हणजे हा आकडा माझ्या स्वतःच्या शरीराने मिळवलेला होता. वजन तेव्हाही ९२ च्या खाली नव्हते. बदलले होते ते टोचण्याचे ठिकाण आणि सुई. अर्थात, एकट्या माझ्या उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हेही खरे.

पण शिबिराचे रजिस्टर माझ्या कपाटात होते. त्या सोसायटीतले बरेच लोक विरार-नालासोपाऱ्याकडे गेले होते, काही गावी परतले होते. जे सापडले त्यांच्या घरी गेलो. असे दार ठोठावणे सोपे नसते. एका बाई, ज्यांना मी वहिनी म्हणत असे, मला म्हणाल्या, "डॉक्टर, तेव्हा तुम्हीच म्हणालात कमरेत घ्या, आता तुम्हीच म्हणता हातात घ्या. आम्ही कोणत्या डॉक्टरचं ऐकायचं?" मी म्हटले, "आत्ताच्या." त्या हसल्या नाहीत. पण लस घ्यायला आल्या, आणि नवऱ्यालाही घेऊन आल्या.

सुई कुठे थांबते?

आता शास्त्राकडे येऊ. बहुतेक निर्जीव लशी स्नायूत द्यायच्या असतात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो. लस तिथे पोचली की शरीराच्या पहारेकरी पेशी ती उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत, म्हणजे काखेतल्या गाठींत नेतात. खरे शिक्षण तिथे होते. चरबीच्या थरात रक्तवाहिन्या तुलनेने कमी, पहारेकरीही कमी. लस तिथे साचून राहते, हळूहळू विरते आणि ग्रंथीपर्यंत पोचते ती थोडीशीच. शिवाय लशीत घातलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे चरबीत गाठ येते, खाज सुटते. "लस सुजली म्हणजे लागू पडली" असे लोक म्हणतात, ते खरे नाही.

नितंबावर स्नायूच्या वर चरबीचा किती जाड थर असतो, याची कल्पना डॉक्टरांनाही नव्हती. १९८२ साली कॅनडातील काही डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर तो मोजून पाहिला. साडेतीन सेंटिमीटर लांब सुई वापरली तरी पुरुषांपैकी १५ टक्क्यांहून कमी आणि स्त्रियांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांत ती स्नायूपर्यंत पोचेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्याला आपण स्नायूतले इंजेक्शन म्हणत होतो, ते बहुतेक वेळा चरबीतलेच होते! हे वाचले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून होतो.

दंडातही चरबी असते, आणि स्त्रियांच्या दंडात ती पुरुषांपेक्षा जाड असते. १९९७ मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दंडावर हे मोजले गेले. १६ मिलिमीटरची आखूड सुई वापरली तर जवळपास निम्म्या स्त्रियांत ती स्नायूत पुरेशी जाणार नाही, असे आढळले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ किशोरवयीन मुलांना 'ब' काविळीची लस एक इंच आणि दीड इंच अशा दोन सुयांनी दिली. लस तीच आणि हातही तोच, पण दीड इंची सुईने घेतलेल्यांत प्रतिपिंडे जास्त आली.

आपल्याकडे मोठ्यांना साधारण एक इंची सुई वापरतात आणि बहुतेकांना ती पुरते. ९० किलोच्या वरच्या स्त्रिया आणि ११८ किलोच्या वरचे पुरुष यांना दीड इंचाची लागते, असा अमेरिकेतील नियम आहे. मी इतका काटेकोर राहत नाही. दंड हाताने चाचपून बघतो आणि शंका आली तर मोठीच घेतो. सुई सरळ काटकोनात आत गेली पाहिजे. आणखी एक गोष्ट, लठ्ठ माणसाचा दंड चिमटीत धरून टोचू नये. चिमटीत येते ती चरबी, आणि सुई तिच्यातच थांबते. कातडी दोन बोटांनी ताणून धरावी. लांब सुई जास्त दुखते हा समजही बरोबर नाही. इंग्लंडमध्ये बाळांवर केलेल्या अभ्यासात लांब सुईने टोचलेल्या जागी लाली आणि सूज कमी आढळली होती. लस जिथे हवी तिथे पोचली, की शरीरही कमी कुरकुर करते.

सतत वाजणारा भोंगा

एवढ्यावर प्रश्न संपला असता तर मोठ्या सुयांचे एक खोके आणून काम भागले असते. तसे नाही. 'ब' काविळीची लस दंडात दिली तरी लठ्ठ माणसांत ती लागू न पडण्याचे प्रमाण जास्त असते, आणि त्यात वय चाळिशीपुढचे व सिगरेट असेल तर अधिकच. धनुर्वाताच्या लशीबाबतही २००६ मध्ये जास्त वजनाच्या मुलांत प्रतिपिंडे कमी आढळली होती.

याचे कारण चरबीच्या स्वभावात आहे. आम्ही एमबीबीएसला शिकत होतो तेव्हा चरबी म्हणजे शिल्लक अन्नाचे कोठार, एवढेच शिकवले गेले. १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी ते तयार करतात, आणि भूक व प्रतिकारशक्ती या दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. चरबी ही एक ग्रंथीच आहे, हे तेव्हापासून कळत गेले. तिचा साठा प्रमाणाबाहेर वाढला की तिच्यात दाह सुरू होतो. हा दाह कमी आचेवरचा असतो. ताप येत नाही, दुखत नाही, पण रक्तात इशाऱ्याची रसायने अहोरात्र फिरत राहतात.

भाईंदरच्या वाचकांना हे चटकन कळेल. आमच्या नवघर रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत स्टीलचे पत्रे ठोकण्याचा आवाज दिवसभर चालू असतो. नवा पाहुणा त्याने हैराण होतो. तिथल्या रहिवाशाला मात्र तो ऐकूच येत नाही, इतकेच काय, दाराची घंटा वाजली तरी त्याला कळत नाही. लठ्ठ शरीरातल्या प्रतिकार पेशींचे असेच होते. इशारा सतत वाजत असल्याने, लस येऊन खरा इशारा देते तेव्हा त्या नीट जाग्या होत नाहीत. झाल्या तरी शिकलेले लवकर विसरतात.

हे 'विसरणे' फार महत्त्वाचे आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी फ्लूची लस घेतलेल्यांचा पाठपुरावा केला. २०१२ च्या त्यांच्या अभ्यासात लठ्ठ लोकांत महिन्याभराने प्रतिपिंडे व्यवस्थित वाढलेली दिसली, पण वर्षभराने ती इतरांपेक्षा जास्त घसरली होती. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की लस घेऊनही लठ्ठ व्यक्तींना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचा धोका सडपातळ व्यक्तींच्या दुप्पट होता, आणि हे प्रतिपिंडांच्या आकड्यात फरक नसताना! म्हणजे रक्ताचा अहवाल चांगला आला तरी आतली फौज, विशेषतः टी पेशी, कमकुवत असू शकते. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला, तेव्हा 'लठ्ठपणा' हा गंभीर फ्लूचा एक स्वतंत्र धोका म्हणून जगभर प्रथमच ठळकपणे नोंदला गेला होता.

कोविडमध्ये तेच पुन्हा दिसले. २०२३ मध्ये केंब्रिज आणि एडिंबरा येथील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनी, अतिलठ्ठ व्यक्तींपैकी ५५ टक्के जणांच्या रक्तात विषाणू निकामी करण्याची शक्ती मोजण्याइतकीही उरली नव्हती. सामान्य वजनाच्या लोकांत हे प्रमाण १२ टक्के होते. बूस्टर दिल्यावर दोघांतही ती शक्ती परत आली, पण अतिलठ्ठांत ती पुन्हा लवकर ओसरली.

मग लस घ्यायचीच कशाला?

हा प्रश्न मला दवाखान्यात विचारला गेला आहे, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. घ्यायची. इंग्लंडमधील ९० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी २०२२ मध्ये तपासल्या गेल्या. सामान्य वजनाचे असोत की लठ्ठ, लस घेतलेल्यांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होते. लठ्ठ माणसाला मुळात आजार गंभीर होण्याचा धोका जास्त, म्हणून त्याला या ७० टक्क्यांची किंमतही जास्त. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात फार कमी वजनाच्या लोकांना लशीचा फायदा जरा कमी मिळाला होता. उपाशी शरीरही नीट शिकत नाही.

२०२१ मध्ये मीरा रोडच्या एका काकूंनी मला विचारले होते, "डॉक्टर, माझ्या वजनाला एक डोस पुरेल, की दोन एकदम घेऊ?" त्यांचा हिशेब औषधाचा होता. औषध अंगभर पसरते म्हणून त्याची मात्रा वजनावर ठरते. लस हा धडा आहे. वर्गात मुले जाड असली म्हणून मास्तर ओरडून शिकवत नाहीत. मात्रा तीच, फक्त उजळणी वेळेवर लागते.

आणि 'मी कुठे लठ्ठ आहे?' असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंची-वजनाचे गुणोत्तर, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचेही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! दिसायला बारीक आणि आतून मेदस्वी, अशी आपली भारतीय ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा धरतात आणि कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० च्या पुढे गेली की इशारा समजतात. इटलीत आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या २०२१ च्या एका अभ्यासात पोटाभोवती चरबी असणाऱ्यांत कोविड लशीची प्रतिपिंडे कमी आढळली होती. तेव्हा काट्यापेक्षा टेप जास्त खरे बोलते.

आता थोडे व्यवहाराचे. 'ब' काविळीची लस आपल्या देशात बाळांच्या सरकारी कार्यक्रमात २००२ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०११ पासून सर्वत्र आली. म्हणजे आज तिशीच्या पुढच्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. मधुमेह असलेल्या, वजन जास्त असलेल्या मंडळींनी तिचे तीन डोस दंडात घ्यावेत. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतले कर्मचारी आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांनी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे मोजून तो कागद जपून ठेवावा. आकडा १० च्या खाली आला तर आणखी एक तीन डोसांची फेरी घ्यायची असते, आणि पुष्कळांना ती लागू पडते. इतरांनी उगाच तपासणीवर पैसे घालवू नयेत.

फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते. आपल्या मुंबई-ठाणे पट्ट्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. लठ्ठ माणसाने मागच्या वर्षीच्या डोसवर विसंबून राहू नये, का ते वर आलेच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

वजन उतरवले तर लस चांगली लागू पडते का? २०२४ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात, लठ्ठ उंदरांचे वजन लस देण्याआधी उतरवले तर फ्लूपासून संरक्षण मिळाले, आणि लस देऊन झाल्यावर उतरवले तर तो फायदा मिळाला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण वजन कमी होईपर्यंत लस लांबवतो, असे मात्र कोणी म्हणू नये, कारण आपले वजन कमी होण्याचे मुहूर्त आपल्याला चांगले माहीत आहेत. माझे स्वतःचे आज ८७ किलो आहे, आणि ९२ वरून इथवर यायला मला चौदा वर्षे लागली.

आता आमच्या दवाखान्यात सिस्टर रुग्ण आत येताना पाहूनच सुई निवडतात. मला सांगावे लागत नाही. कारखानदार गृहस्थांचे चार डोस झाले. दुसऱ्या डोसला त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही, आणि तिसऱ्याला तर बाही सरकवूनच आत आले. हात एक दिवस दुखला, माल वेळेवर गेला. पाचवा डोस येत्या मंगळवारी आहे. नक्की या म्हटले, तर म्हणाले, "येतो डॉक्टर, पण काट्यावर उभं करू नका."